आत्याने घेतलेली शुद्धीची परीक्षा

साऱ्या मुळशी खोऱ्यात आवाज न चढवता मला मूर्ख ठरवू शकणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आमच्याकडे शेळीचं दूध घालणारी धनगर आत्या. ती नात्याने कुणाचीच आत्या नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. मामलेदारापासून वासरापर्यंत सगळ्यांना ती 'तू' म्हणे, आणि नव्या माणसाशी बोलण्याआधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाही, शेळी विकत घेताना पाहावी तशी. मी पौडच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा माझीही पापणी ओढून ती म्हणाली, "रगत कमी हाय, बोलनं लई."

ते लवकरच खरं ठरलं. आमचा मुलगा तीन महिन्यांचा असताना पत्नीच्या पायाला मोठं गळू झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सकाळी क्लोरोफॉर्म देऊन ते कापलं. दुपारी मी तिला बैलगाडीतून घरी आणलं. डॉक्टरांना काही विचारणं मला कमीपणाचं वाटलं. मी स्वतःच ठरवून टाकलं, की क्लोरोफॉर्म दुधात उतरणार आणि मूल बेशुद्ध पडणार. तेव्हा तीन दिवस अंगावर पाजणं बंद. मूल बोंडल्यातलं शेळीचं दूध थुंकून रडत होतं, पत्नीचा पदर दुधाने भिजत होता, आणि मी दारात उभा राहून विज्ञानाचं रक्षण करत होतो.

तेवढ्यात आत्या आली. पत्नीची पापणी पाहून झाल्यावर तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो कोन? नाव सांग."

पत्नी गप्प.

"बघ, अजून शुद्ध नाही," मी विजयाने म्हणालो.

"नवऱ्याचं नाव घ्याया लाजतीया," आत्या शांतपणे म्हणाली. "म्हंजी पुरती जागी हाय. शुद्ध तुजी गेलीया. जा, डाक्टरला इचारून ये."

मी धावत गेलो. "पूर्ण जागी झाली ना? मुलाला नीट धरता येतंय?" डॉक्टर म्हणाले. "मग खुशाल पाजू दे. झापड येत असली तर जवळ कुणीतरी बसा. मी कुठे नको म्हटलं होतं?"

मी परतून निरोप सांगितला. पत्नीने मुलाला उराशी घेतलं, आत्या खेटून बसली, आणि घर एकदम शांत झालं. "माझी काही हरकत नाही," मी म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

दोनेक वर्षांनी धरणाचं पाणी चढलं आणि आत्याची चराऊ रानं बुडाली. शेळ्या घेऊन ताम्हिणीकडे निघताना ती आमच्या दाराशी थांबली. पत्नीने तिला वाकून नमस्कार केला.

"मास्तर," आत्या म्हणाली, "आता अडलं तर कुनाला इचारशील?"

उत्तराची वाट न पाहता ती शेळ्या हाकत ओढ्याकडे उतरली. शेळ्यांच्या घंटा ओढ्यापलीकडे ऐकू येईनाशा झाल्या, तरी आम्ही दोघं दारातच उभी होतो.