तोंड वाकडं झालं की अजमोदा

आमच्या हिला चार गल्ल्यांत सगळे काढेवाली मावशी म्हणतात. मी तिचा नवरा, एके काळचा शिंपी. जन्मभर पायानं मशीन हाणून गुडघे कामातून गेले, म्हणून रोज सकाळी माझ्यापुढे अजमोद्याचा काढा येतो. अजमोदा म्हणजे सेलरीचं बी. हिच्या मते ते सांध्यांना चांगलं, वाताला चांगलं, लघवीला चांगलं. सगळ्याला चांगलं, फक्त जिभेला नाही. कडू जहर! मी कुरकुरलो की ही म्हणते, "औषध आहे ते, सरबत नव्हे. गिळा मुकाट्यानं."

हिचं दुकान जिन्याखालच्या खोलीत. भिंतभर बरण्या, पण नाव एकीवरही नाही. "अगं, चिठ्ठ्या चिकटव," असं सांगून सांगून माझी दाढी पिकली. पण ऐकेल तर शपथ! "मला नाक दिलंय ना देवानं?" चिमूटभर बी तळहातावर चोळायचं, हुंगायचं आणि मगच तराजूत टाकायचं. ओवा आणि अजमोदा दिसायला सख्खे भाऊ, पण हिचं नाक कधी चुकलं नाही.

मग हिला सर्दी झाली. चांगली मुक्कामाला आली आणि एकदाची गेली. त्यानंतर एका सकाळी काढा चक्क बरा लागला. घोट तोंडात घोळवून पाहिला. ओवा होता.

तसाच लंगडत दुकान गाठलं. ही एका बरणीत नाक खुपसून बसलेली. मला पाहिलं आणि बांधच फुटला. "अहो, कशालाच वास येत नाही हो मला! उद्या कुणी पोटुशी बाई ओवा मागायला आली आणि मी अजमोदा दिला तर? गरोदरपणात तो देत नाहीत. नको रे बाबा. दुकानाला कुलूपच लावते."

ही बाई घरी बसली तर वाळून जाईल, हे मला पक्कं ठाऊक. म्हटलं, "तुझं नाक गेलं, माझी जीभ कुठं गेलीय? इतकी वर्षं काढा पाजलास, तो काय फुकट?"

झालं, मी दुकानात स्टुलावर विराजमान! प्रत्येक बरणीतलं चाखलं, नाव लिहून कापडी पट्टी बांधली. पण हिचा पट्टीवर भरवसा नाही. "पट्टी खोटं बोलेल, तुमचं तोंड नाही बोलणार." गिऱ्हाईक आलं की मी आधी दाणे चावायचे. तोंड वाकडं झालं की अजमोदा, नाही झालं की ओवा. लोक माझं तोंड बघायला थांबायचे, मेले! ही मात्र तोंडदेखलं हसायची. चोळलेली चिमूट सवयीनं नाकाशी न्यायची आणि गुपचूप खाली ठेवायची. मला ते बघवायचं नाही.

एक दिवस माझी दाढ ठणकत होती, म्हणून गालात लवंग धरलेली. नेमकी तेव्हाच एक आजी आली. नात पोटुशी, पोट फुगलंय, चिमूटभर ओवा हवा. ओव्याची बरणी रिकामी; नवा माल नुकताच आलेला, अजून पिशव्यांतच होता. मी एका पिशवीतले दाणे चावले. तोंड सरळ. "ओवा!" मी ऐटीत सांगितलं.

हिनं चिमूट घेतली, चोळली, नाकाशी नेली. हात तिथंच थांबला.

"अहो, हा अजमोदा आहे."

"छे गं, ओवाच."

"अजमोदा आहे म्हणते ना! मला वास येतोय!" पुन्हा हुंगलं आणि ओरडली, "अहो, मला वास आला!" तराजू सोडून माझ्याजवळ आली, माझं तोंड हुंगलं. "आणि लवंग चघळताय होय! जीभ बधीर करून चाखायला बसलात? आजींच्या नातीला काय झालं असतं म्हणजे?"

चारचौघांत माझी अशी खरडपट्टी काढली की विचारू नका. मी मात्र वेड्यासारखा हसत होतो. डोळ्यांतून पाणी, तोंडात लवंग. आजीही हसायला लागली. शेवटी हिनं दुसऱ्या पिशवीतला ओवा दोनदा हुंगला आणि काही कारण नसताना तिसऱ्यांदा हुंगून पुडी बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काढा आला. कडू जहर! मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो आणि पेला पुढे करून म्हटलं, "अजून आहे का गं?"