बैठकीत नसीम नव्हती

जुबेदाआपा गेल्याचं त्यांच्या भाच्यानं, सलीमनं, दारातूनच सांगितलं तेव्हा माझ्या मांडीवर त्यांनी अर्धी ठेवलेली साडी होती. औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत आम्ही दोघी एका ओट्यावर बसून गिऱ्हाइकांच्या साड्यांना फॉल लावायचो. मी फार बोलत नाही. दोघींचं त्याच बोलायच्या.

त्यांची एकुलती एक मुलगी, नसीम, कराचीत आतेभावाला दिलेली. तिच्या व्हिसावर फक्त आमच्या शहराचं नाव असायचं. ती आली की जालन्याला मामाकडं जाता यायचं नाही, मग मामाच इकडं जेवायला यायचा. मागच्या वेळी ती आपांच्या पोटाच्या ऑपरेशनसाठी आली, आणि पाठोपाठ सरहद्दीवर काहीतरी झालं. तिकडच्या पाहुण्यांनी परत जावं, असा हुकूम निघाला. डॉक्टर थांबू नका म्हणत असताना आपांनी ऑपरेशन पुढं ढकललं. "नसीम परत आली की करू." व्हिसे बंदच राहिले. दुखणं थांबलं नाही...

सलीम कॉलेजात शिकवतो. आपांनी त्याला एकदा विचारलं, "दिल्लीत हे ठरवतात कसं रे?"

"बैठक बसते, फुप्पी. फौज काय म्हणते, बाकीचे मुल्क काय म्हणतील, आपली पब्लिक किती भडकलीय, सगळं बघतात."

"आन नसीम?"

"तिचं नाव कोण काढतंय तिथं?"

आपांनी दातानं दोरा तोडला. "नेपाळला व्हिसा लागत नाय म्हणं. पोरगी तिथंच द्यायला पायजे होती."

आम्ही हसलो. मग त्या माझ्याकडं वळल्या. "जावाजावांचं भांडण झालं की पयलं काय करतात? पोरांना सांगतात, तिकडं खेळायला जायचं नाय. जावांचं काय बिघडतं?"

मला राजकारण कळत नाही. धोका असेल म्हणून दार लावलं असेल. पण लावताना कुणाचं बोट सापडलं, हे बघायला कुणी येतं का?

आपांना शुक्रवारी यायचा तो नसीमचा फोन आता मला येतो. मला काही सुचत नाही, तिलाही नाही. परवा ती म्हणाली, "मावशी, बोलू नका. फोन नुसता अम्मीच्या खिडकीत ठेवा."

आपांच्या खोलीची किल्ली माझ्याकडंच आहे. मी खिडकी उघडून फोन ठेवला. खाली भाजीवाला ओरडत गेला. कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती. समोरच्या बाईनं पोराला हाक मारली, मग शिवी दिली...

बऱ्याच वेळानं मी फोन कानाला लावला. ती अजून ऐकत होती.