वहिनी बावखलात पडली नव्हती

आमच्या बागायतदार लोकांत विटाळशी बाई चार दिवस पानवेलीत पाऊल टाकत नसे. टाकलं तर वेल कुजते, अशी समजूत. त्यामुळे घरातल्या कुठल्या बाईचे कुठले दिवस, हे पुरुषांनाही ठाऊक असायचं.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी, पावसाळा सरताना, आमची नंदाखाल गावातली वेल काळी पडू लागली. संशय वहिनीवर गेला. माझ्या थोरल्या भावाची ती विधवा, वय चोवीस. तीन महिने ती एकदाही बाजूला बसली नव्हती. विधवेबद्दल दुसरी शंका कुणाला आली नाही. सगळ्यांना वेलीची काळजी. काकू तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "राणीसाहेबांना शिवाशिव उरली नाही. खा आता कुजकी पानं." आणि मला विचारायला पाठवलं. मी बावीसचा होतो, लग्न ठरलेलं होतं.

"वहिनी, विटाळात वेलीत गेलात का?"

ती वेल बांधायला केळीचं सोपट सोलत होती. "विटाळ आलाच नाही, भावजी. मूल काकांचं आहे. जा, सांगा वेलीला."

वडिलांमागे घर काकाच चालवत. त्यांना नाही म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती, तिची कुठून असणार?

चर्चच्या दवाखान्यातल्या सिस्टरला ती भेटून आली होती. मुंबईत एक आश्रम होता. बाळंतपण होईपर्यंत तिथं राहता येई, शिवणकाम शिकता येई. मूल ठेवायचं की द्यायचं, ते आईनं ठरवायचं.

"पोट पाडणं गुन्हा आहे, आणि चोरून पाडलं तर बाई जाते, असं सिस्टर म्हणाली. मला जगायचंय. घरच्या एका पुरुषाची सही लागते, भावजी. तुमची द्या."

मी हो म्हटलं आणि दोन दिवस टाळलं. सही केली तर लोक मूल माझं म्हणतील, लग्न मोडेल, एवढंच डोक्यात. तिसऱ्या दिवशी मी सगळं काकांना सांगितलं. कुणाला सांगितलं, ते वाचणाऱ्यानं पुन्हा एकदा वाचावं.

काका रागावले नाहीत. "बरं केलंस. घरातलं घरात राहील."

मिठागराकडून सुईण बोलावली. वहिनीला काय हवंय, हे कुणी विचारलं नाही. काकूनं तिचे हात धरून ठेवले. दुसऱ्या दिवशी ताप चढला, रक्त थांबेना. शेवटी सुईणच रडकुंडीला आली. "पोटात पानी ठरत नाय, मालक. दवाखान्यात न्या. माझं नाव सांगा पायजे तर, पन न्या."

काका म्हणाले, "तिथं कोणाचं म्हणून विचारतील."

मी गाडीला बैल जुंपले होते. त्यांनी सोडायला सांगितले. मी सोडले.

दुपारी वहिनीनं पडवीत प्राण सोडला. पोलीस पाटलाला सांगितलं, पाणी भरताना पाय घसरून मागच्या बावखलात, वाडीच्या तळ्यात, पडली. जबाबाखाली सही माझी आहे. ती करायला मला दोन दिवस लागले नाहीत.

लोक पुढे म्हणत राहिले, तिनं जीव दिला, चाल बरी नव्हती. काकू ऐकून घ्यायची.

त्याच महिन्यात मी कोयत्यानं सगळी वेल बुडातून तोडली. काका बांधावर उभे राहून बघत होते. एक शब्द बोलले असते तर मीही बोललो असतो, हे त्यांना कळत होतं. वेल रोगानं गेली, असं त्यांनी गावात सांगितलं. तेही खोटं. माझा सूड तेवढाच, तोही झाडांवर.

पुढे कायदा बदलला. आज अशा बाईला उजेडात डॉक्टरकडे जाता येतं. सज्ञान असेल तर तिची स्वतःची संमती पुरते, नाव गुप्त राहतं, घरच्या पुरुषाची सही लागत नाही. हे मी माझ्या नातींना पुनःपुन्हा सांगितलंय. का सांगतो, ते सांगायला तोंड नव्हतं.

काका नव्वदीत गेले, मऊ अंथरुणात, सुना पाय चेपत असताना. यंदा शाळेच्या सभागृहाला त्यांचं नाव देताहेत, आणि समितीनं माझ्याकडे आठवणींचा लेख मागितला. हाच तो लेख. छापला नाही, तर उद्घाटनाला मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि मला अजून मोठ्यानं वाचता येतं.