गुरुवारचा फॅक्स

इंग्लंडमधल्या एका लहानशा गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास माझ्या कपाटात आहे. इंग्लंड मी पाहिलेलं नाही, फुटबॉल मला कळत नाही. पण ती पानं मी टाइप केली, आणि त्यातलं एक वाक्य खोटं आहे.

नव्वदच्या दशकात मी रास अल खैमाला एका टाइल्सच्या कारखान्यात मॅनेजरसाहेबांचा सेक्रेटरी होतो. साहेब इंग्रज, विधुर. माझी बायको आणि मुलगी चिपळूणला. शुक्रवारी दोघांनाही जायला जागा नसायची. मग त्यांच्या व्हिलात एसीच्या घरघरीत ते आपल्या गावच्या क्लबचा इतिहास सांगत आणि मी टाइप करी.

क्लब अगदी साधा. खेळणारे पोस्टमन, गवंडी, बेकरीवाले. मैदान एका बाजूला उतरतं आणि उताराच्या टोकाला कालवा. चेंडू त्यात पडला की जाळी घेऊन धावायला एक माणूसच नेमलेला.

"हसतोस काय? तुमचं क्रिकेट तरी काय वेगळं?"

"सर, आमचा बॉल फार तर शेजाऱ्याच्या गच्चीत जातो."

क्लबचा चिटणीस हा साहेबांचा बालमित्र. लहानपणी दोघांत मिळून बुटांचा एकच जोड होता. पहिला हाफ हा खेळे, दुसरा तो. "त्याचे पाय मोठे," साहेब म्हणत, "माझे बूट त्यानेच सैल केले." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

एका बुधवारी साहेबांनी मला एक जुना कागद दिला. मैदान विकायचं की नाही, यावर क्लबची सभा होती. साहेबांच्या वडिलांनी जमीन देताना लिहून दिलं होतं, इथे फक्त फुटबॉलच खेळला जावा. तो हा कागद.

"मीटिंग वीकेंडला आहे. त्याआधी चिटणीसाला फॅक्स कर. यल्ला, लवकर."

गुरुवारी आमचा अर्धा दिवस, शुक्रवारी सुटी. मी विचार केला, इंग्रजांचा वीकेंड म्हणजे शनिवार-रविवार. आपण शनिवारी सकाळी कामावर येऊ तेव्हा तिकडे पहाटही झालेली नसेल. कागद टेबलाच्या खणात ठेवला आणि बाराच्या ठोक्याला निघालो. पण इतकी वर्षं आखातात काढलेल्या साहेबांचा वीकेंड शुक्रवारचा झाला होता. सभा शुक्रवारी संध्याकाळी होती. मी त्यांच्यासाठी इंग्रजी हिशेब केला, ते माझ्यासाठी इथला बोलले होते.

शनिवारी फॅक्स नुकताच गेला होता, तेवढ्यात साहेब आत आले.

"रात्री गावाहून फोन आला. मैदान गेलं. खलास. गुरुवारी पाठवलास ना?"

"हो सर. गुरुवारी."

मशीनमधून निघालेली तारखेची चिठ्ठी माझ्या मुठीत होती.

तिकडे अजून रात्र होती, तरी त्यांनी माझ्यासमोरच मित्राला घरी फोन लावला. तो सांगत असावा की घरच्या मशीनवर फॅक्स आत्ता आला. साहेब ओरडले, "माझा माणूस खोटं बोलत नाही! तू दाबून ठेवलास!" मी फायली लावत राहिलो.

महिन्याभराने त्या मित्राचं पाकीट आलं. आत काय असणार ते मला ठाऊक होतं. वर शनिवारची तारीख छापलेला तोच कागद. साहेब म्हणाले, "न उघडता परत पाठव." त्या दिवशी मी जेवणाच्या सुटीतच पोस्टात गेलो. एवढ्या तत्परतेने मी त्यांचं एकही काम केलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी शेवटचं पान सांगितलं: 'ज्याच्याबरोबर मी बूट वाटून घेतले, त्याने वेळेवर आलेला कागद लपवला.' मी ते एकही चूक न करता टाइप केलं. एक प्रत त्यांच्या गावच्या वाचनालयात गेली, एक माझ्याकडे राहिली. त्यानंतर शुक्रवारी मला बोलावणं आलं नाही. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

दोन हजारनंतर साहेब अबुधाबीच्या एका हॉस्पिटलात वारले. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो होतो. बोलायचं म्हणूनच गेलो होतो. त्यांनी विचारलं, "मुलगी काय करते?" मी मुलीबद्दल सांगितलं आणि बसने परत आलो.

आता बायको नाही, मुलगी पुण्याला असते. दुपारी ही पानं काढून बसतो. तो मित्र हयात आहे की नाही, माहीत नाही. असला तर गावात कुणीतरी अजून त्याला लबाड म्हणत असेल.

म्हणून त्या वाचनालयासाठी आज एक पान टाइप केलं, शेवटच्या पानामागे लावायला: 'फॅक्स शनिवारी गेला. पाठवायला उशीर मी केला. चिटणीस खरं बोलत होते.' खाली सही केली.

आज गुरुवार आहे. पोस्ट बंद व्हायच्या आत जाऊन येतो.