विमानाने फोडलेला बांध

नामाकाका बांध तासायला उतरले की आमची आई पदर खोचून शेतात हजर व्हायची. बांध तासायचा म्हणजे वाढलेलं गवत काढायचं. काका गवताबरोबर चार बोटं मातीही काढत आणि आपल्या शेतात सारत. ते माझ्या वडिलांचे धाकटे चुलतभाऊ. वडील गेल्यावर कासू गावातल्या आमच्या दोन शेतांमधला बांध दरवर्षी बारीक होत गेला. भर पावसात तो फुटे, आमच्या भाताचं पाणी त्यांच्या शेतात जाई आणि आई आठ दिवस काकांच्या नावाने बोटं मोडत बसे.

"माती कुनाची नसते गो वयनी, वाकंल त्याची असते," काका म्हणायचे.

"मग कंबर मोडो तुमची एकदाची!" आई म्हणायची. संध्याकाळी तिच्याच हातचा चहा पिऊन काका घरी जात. लबाड माणूस, पण कुणाच्या घरात साप निघो की बाळंतीण अडो, पहिले धावणार तेच. गेल्या वर्षी ते वारले. मला त्यांची फार आठवण येते.

मी पेणला कॉलेजात होते, तेव्हाची गोष्ट. भातकापणी होऊन वालाला नुकती पानं फुटली होती. लष्कराचं एक जुनं सरावाचं विमान इंजिन बंद पडून काकांच्या शेतात उतरलं, बांध फोडून आमच्या वालात घुसलं आणि एका पंखावर कलून थांबलं. आतल्या दोघांना काकांनीच बाहेर ओढलं. एकाचा हात मोडला होता. शिकाऊ पोरगा नुसता थरथरत होता. "खाली आलास ना? झालं तर. बस," काका म्हणाले. त्याला मराठी कळत नव्हतं, तरी तो बसला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला लष्कराचे साहेब आले. त्यांनी बांध टेपने मोजला आणि साऱ्या गावासमोर काकांची पाठ थोपटली. "मेड पतली थी, पहिया उसे तोडकर निकल गया. मोटी होती तो जहाज उलट जाता."

गाव खो खो हसलं. बांध बारीक कुणी केला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त काका हसले नाहीत. शिव्या त्यांना पचत. ही शाबासकी पचली नाही.

विमान उचलायला आलेल्या क्रेनने उरलासुरला बांधही सपाट केला. कुठे खूण राहिली नाही. "आता हा माणूस अर्धं शेत गिळणार," म्हणत आई जेवलीही नाही.

सकाळी काका फावडं घेऊन आले. "वयनी, तू उभी ऱ्हा. तू उभी ऱ्हाशील तिथं माझं शेत सुरू."

आई अंदाजाने उभी राहिली.

"आजून इकडं ये."

ती एक पाऊल त्यांच्या बाजूला सरकली.

"आजून."

आणखी एक पाऊल टाकून ती बावरली. "भावजी, एवढा रुंद नव्हता हो बांध."

"व्हता," काका खाली बघत म्हणाले. "तुला ठाव नाय. मला हाय."