टोपीतला घोडा

इथे आखातात, बनेद अल-गार वस्तीत, आमच्या वरच्या मजल्यावरचे इंजिनियर दर शुक्रवारी भिंतीवर जुने मुके सिनेमे लावतात. कपाटातून समुद्र येतो, टोपीतून घोडा! कोणी अर्थ विचारला की म्हणतात, “स्वप्नाला विचारता का? बघा, बघा!” आवाज मात्र आम्ही पाहुण्यांनी द्यायचा.

काल त्यांनी माझ्या हातात ताट आणि पळी दिली. “वहिनी, घोडा आला की वाजवा.”

चारचौघांत मी तोंडही उघडत नाही. घोडा आला, गेला, माझा हात हललाच नाही. सगळे हसले.

“माझंच चुकलं, इशारा राहिला,” म्हणत त्यांनी सिनेमा मागे नेला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुन्हा घोडा आला. मी ताट असं बडवलं की ते चहा सांडून ओरडले, “वा!” घोडा गेला तरी मी वाजवतच राहिले.