राईतली काठी

आमच्या शेजारचे गृहस्थ खेडच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. निवृत्त झाले, पण माईक काही सुटला नाही. थंडीतल्या रविवारी आम्ही दोघं जंगलातल्या पायवाटेने डोंगरावर जातो. तिथेही वळण आलं की त्यांची घोषणा ठरलेली. "पुढचा थांबा झऱ्याचा! उतरणाऱ्यांनी उतरून घ्यावं!" उतरणारा मी एकटाच. पाखरं भुर्रकन उडतात आणि मी मनातल्या मनात चरफडतो.

वाटेत गावदेवीची राई लागते. तिथे मात्र ते एकदम गप्प होतात. राईतली वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, अशी गावाची रीत आहे.

गेल्या रविवारी परतताना राईतल्या छोट्या चढावर त्यांचा गुडघा धरला. खाली पडलेली एक काठी त्यांनी उचलली आणि तिच्यावर भार देत ते चालू लागले. राई संपली, तशी ती शेवटच्या झाडाला टेकवून ठेवली.

"अहो, पुढे सगळा उतार आहे. पुढच्या रविवारी आणून ठेवू की," मी म्हटलं.

"नको. तिची हद्द इथवरच."

दोन पावलं टाकली आणि ते कळवळले. मग त्यांनी मला जवळ बोलावून माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात चांगलाच जड होता.

"तुम्ही काय राईतले नव्हे," ते म्हणाले, "तुम्हाला बाहेर न्यायला चालतं."

आणि अगदी माझ्या कानाशी ओरडले, "चला, सुटतेय!"

मी गाडी सावकाश काढली.